उकंडरावाची दोन बोटं

तंबूतली माणसं पडद्याकडं पाठ करून बसली, तेव्हा उकंडरावानं केबिनच्या भोकाला लावलेला डोळा मागं घेतला.

फिरत्या सिनेमाच्या ऑपरेटरला पब्लिकचं तोंड दिसत नाही, दिसूही नये. त्याला दिसतात त्या पाठी. पुरुषांच्या बाजूला टोप्या नि पागोटी, दोरीपलीकडं बायांचे पदर. पाठी स्थिर असल्या की समजायचं, खेळ चालला. पाठी हलायला लागल्या की समजायचं, शेंगदाणे आले. पण त्या संध्याकाळी मोताळ्याच्या बाजारात, कापूस विकून आलेलं अख्खं गाव तंबूत बसलेलं असताना, केबिनच्या भोकातून त्याला शे-दोनशे तोंडं दिसली. सगळी त्याच्याकडं वळलेली. कोणी ओठांत बोटं घालून शिट्टी मारत होतं, कोणी हात हलवत होतं. आणि उकंडरावाला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. नुसता घूं असा आवाज, विहिरीत डोकं घातल्यासारखा.

ही त्याची चोरी होती. वर्षभरापासून त्यानं ती काखेत दाबून ठेवली होती.

शिडीवरून तुळशीराम वर आला. दिवसा टांग्यात बसून भोंग्यावर खेळाची दवंडी पिटणारा आणि रात्री दारावर तिकिटं फाडणारा हा गडी. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. त्याचं तोंड भराभरा हलत होतं. उकंडरावानं मशीन न्याहाळायचं निमित्त करून कंदील त्याच्या तोंडासमोर धरला, तेव्हा कुठं ओठ दिसले.

"आवाज मांगं पडून राह्यला, भाऊ. बाईचं तोंड मिटते अन् मंग तिचं बोलणं येते. लोकं म्हणून राह्यले, बाई मोटारीनं आली अन् आवाज बैलाच्या दमणीत बसला."

उकंडरावानं मशीन थांबवलं. तंबूत दिवे लागले. त्यानं पट्टी काढली, पुन्हा घातली, नेहमीसारखी, दोन बोटं मोजून. पुन्हा खेळ सुरू झाला. पुन्हा तोंडं वळली. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी मालकानं, म्हणजे भगवानरावानं, स्वतः भोंगा हातात घेऊन जाहीर केलं की उद्या याच तिकिटावर सगळ्यांनी यावं, खेळ पहिल्यापासून दाखवू. लोक हसत, चिडत, खटल्याला गेल्यासारखे तावातावानं बोलत बाहेर पडले.

---

आता हा उकंडराव कोण, ते सांगितलं पाहिजे. नाहीतर त्याच्या भीतीची किंमत कळणार नाही.

आईला त्याच्या आधी झालेली लेकरं वाचली नाहीत. मग हा झाला तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन लोळवलं, आणि शेजारणीनं 'फेकलेलं पोर सापडलं' म्हणत परत आणून आईच्या ओटीत टाकलं. मृत्यूला वाटावं, हा कचरा आहे, याला काय न्यायचं. म्हणून नाव उकंडा. आपल्याकडं गल्लोगल्ली असे उकंडे नि कडूबा आहेत. शहरातले लोक या नावांना हसतात. हसू द्या. ज्यांच्या घरातून पाळणा रिकामा उठतो, त्यांनाच कळतं नाव म्हणजे काय असतं ते. पण एक खरं, ज्याला जन्मतःच फेकून बघितलेलं असतं, त्याला जन्मभर वाटत राहतं की आपल्याला पुन्हा कोणीतरी फेकणार आहे.

जरा मोठा झाल्यावर तो खामगावला जिनिंगात कापूस रेटायला लागला. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात माणूस माणसाशी हातवाऱ्यांनीच बोलतो. त्या कारखान्यानंच बहुधा डाव्या कानाचं पहिलं माप घेतलं. संध्याकाळी तो थेटरच्या मागच्या दारात उभा राहायचा. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादानं आधी हाकललं, मग काचा पुसायला लावलं, आणि पुढं कधीतरी जवळ बोलावून मशीनचं पोट उघडून दाखवलं.

त्या पोटात गोष्ट अशी होती. चित्र वरच्या खिडकीतून पडद्यावर जातं, आणि आवाज खालच्या डबीत वाचला जातो. पट्टी एकच, पण चित्राची जागा वेगळी, आवाजाची वेगळी. दोन्हींच्या मध्ये पट्टी थोडी सैल सोडावी लागते, तिला झोळ म्हणतात. झोळ ताणला तर पट्टी तुटते. झोळ वाढला तर पट्टीला खाली पोचायला उशीर होतो, म्हणजे ओठ आधी हलतात नि शब्द मागून येतात. उस्तादाकडं त्याचं माप साधं होतं. झोळात दोन बोटं घालायची, पट्टी बोटांवर घट्ट बसली की खालचं चाक बंद करायचं. "दो उंगली. ना कम, ना ज्यादा," तो म्हणायचा. आणि उकंडाची बोटं बघून म्हणाला होता, की तुझी बोटं तर कंपनीनंच बनवल्यासारखी आहेत.

हे वाक्य उकंडरावानं मेडलसारखं छातीला लावून ठेवलं. पुढं भगवानरावानं जगदंबा टुरिंग टॉकीज काढली, तेव्हा त्याला ऑपरेटर म्हणून उचललं. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. गावात वीज नव्हती, पण तंबू होता. उकिरड्यावर लोळवलेला पोरगा आता गावात शिरला की लोक बाजूला होऊन म्हणायचे, मशीनवाले आले. 'राव' त्याच्या नावाला मशीननं लावला, बापजाद्यांनी नव्हे.

पण मशीनच्या शेजारीच डिझेलचं इंजन धडधडायचं, आणि जे जिनिंगानं अर्धवट सोडलं होतं ते इंजनानं पुरं केलं. आधी कोंबड्याचं आरवणं गेलं. मग बायकोची चुलीपासली हाक गेली. तो आवाज बघायला शिकला, लोकांचे ओठ, मालकाच्या भुवया, मशीनच्या पाठीवर ठेवलेल्या तळव्यातली थरथर. तेवढ्यावर भागत होतं. ऑपरेटरचा अर्धा धंदा डोळ्यांचाच आहे. उरलेला अर्धा त्यानं त्या दोन बोटांवर सोपवला होता.

---

लोक गेल्यावर भगवानराव केबिनखाली आला. तोंडात पान होतं, त्यामुळं ओठ नीट दिसेनात. उकंडराव शिडी उतरून अगदी समोर जाऊन उभा राहिला. मालकानं सांगितलं ते एवढंच, की उद्याचा पहिला खेळ सरळ झाला पाहिजे. नाही झाला तर खामगावचा एक ऑपरेटर केव्हापासून जागा मागतो आहे, त्याला परवाच्या मोटारीनं बोलावतो. मग पान थुंकून त्यानं उकंडरावाकडं निरखून पाहिलं.

"उकंडा, मी मघा मांगून हाका मारल्या तुले. तुले ऐकू येते ना बे?"

"इंजन चालू होतं, मालक."

"इंजन बंद होतं."

भगवानराव तसाच निघून गेला, आणि ते जाणं उकंडरावाला शिवीपेक्षा जास्त लागलं.

पट्टी त्यानं मशीनमध्ये तशीच ठेवली, वर फडकं टाकलं. सकाळी उजेडात बघू म्हणाला. पण तो झोपला नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटंही ठणकत होती. मेहकरकडच्या मुक्कामातला शेवटचा खेळ संपला तेव्हा दिव्यातली पेटती कार्बनकांडी बदलताना तिचं तापलेलं थोटूक हातावर पडलं होतं. त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, कोरफडीचा गर लावून जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. तंबू उठला, बैलगाड्यांतून सामान मोताळ्याला आलं, आणि भाजलेल्या बोटांचा विचार करायला कोणाला फुरसत होती?

---

सकाळपासून त्यानं मशीनचा पिच्छा पुरवला. पट्टी नि झोळ तसाच ठेवून बाकीची चाकं काढली, रॉकेलनं धुतली, बसवली. पट्टा ताणून पाहिला. आवाजाची डबी उघडून काच श्वासानं पुसली. पट्टीच जुनी असेल, मुंबईहूनच खराब आली असेल, अशी शंका काढली. पण हीच पट्टी मेहकरकडं दोन आठवडे सरळ चालली होती. म्हणजे पट्टी निर्दोष. मशीन निर्दोष. मग राहिलं कोण?

त्याच्या मनात जो विचार घोळत होता तो असा: हे पहिल्यांदा झालंच नसेल. कदाचित गेल्या कित्येक गावांत आवाज मागून येत असेल, आणि आपल्याला कळलंच नसेल. कदाचित मेहकरकडची माणसं भली होती, म्हणून गप्प बसली. बहिऱ्यानं आवाज सांभाळायचा म्हणजे आंधळ्यानं राखण करण्यासारखं. आज ना उद्या फटफजिती व्हायचीच होती.

इंजन चालवून बघावं, तर दिवसा डिझेल जाळायला मालकाची मनाई. आणि चालवून तरी काय, ऐकणार कोण? तुळशीरामाला बसवावं, तर तो ऐकण्याआधी गावभर सांगेल. त्यानं सकाळीच चहाच्या टपरीवर नवा विनोद सोडला होता, की उकंडरावच्या सिनेमात माणूस आज मरते अन् उद्या ओरडते. टपरीवरची माणसं हसली. उकंडराव त्यांची उघडी तोंडं बघत उभा राहिला.

दुपारी कलाबाई भाकरी घेऊन केबिनच्या शिडीशी आली. वर ती कधीच चढली नव्हती. मशीनच्या वर मारुतीची तसबीर, दर मुक्कामाला पहिला नारळ तिथं फुटायचा, आणि भगवानरावाचा दंडक होता की बाईची सावली मशीनवर पडू नये. मशीन बाटतं म्हणे. जर्मनीत की विलायतेत ज्या कारखान्यात ते मशीन बनलं, तिथं बायकांनी त्याचे स्क्रू पिळले नसतील कशावरून? पण हा प्रश्न मालकाला कोणी विचारायचा.

उकंडराव खाली येईना, तेव्हा ती वर चढली. सरळ समोर जाऊन बसली. ती त्याच्याशी नेहमी समोरूनच बोलायची, आणि हे तिनं कधीपासून सुरू केलं हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि चिंधी सोडायला लागली. बोलणं मात्र दुसरंच काढलं. सामानाची बांधाबांध करायला काढू का, असं तिनं विचारलं. फेकून द्यायच्या आधी आपणच निघालेलं बरं.

त्यानं नाही अशी मान हलवली. मग एकदम भांडल्यासारखा बोलायला लागला. सांगितलं की माझी काही चूक नाही, उस्तादानं शिकवलं तसंच सारं केलं. दोन बोटं घातली, पट्टी बोटांवर घट्ट बसली, मगच चाक लावलं. तिला खरं वाटावं म्हणून त्यानं मशीनवरचं फडकं ओढलं आणि कालच्याच पट्टीच्या झोळात आपली दोन बोटं घातली, तिला दाखवायला.

बोटं आत खुळखुळली.

त्यानं बोटं काढली, पुन्हा घातली. काल घट्ट बसलेला झोळ आज सैल होता, तिसरं बोट आरामात जाईल एवढा. मशीन रात्रीतून बदललं की काय? झाकलेल्या मशीनला कोण हात लावणार? त्यानं वळून कलाबाईकडं पाहिलं. तिच्या मांडीवर चिंधी पडली होती. कोरफडीच्या रसानं कडक झालेली, आतून पोकळ, त्याच्या दोन बोटांचा आकार धरून बसलेली. जाड, केळ्यासारखी.

कलाबाईचंही लक्ष तिकडंच गेलं. उकंडरावानं ती चिंधी उचलून झोळात धरली, ती घट्ट बसली.

"मी जरा जाडच बांधली होती," ती म्हणाली. "तुमी विव्हळत होते म्हणून."

---

इथं गोष्ट संपायला हवी होती. माणसाला चूक सापडली, चिंधी सोडली, झोळ नीट केला, झालं. पण भीती एवढ्यानं जात नसते. चिंधीचं कोडं सुटलं, कानाचं नाही. झोळ बरोबर बसला की नाही हे कळणार कसं? कच्च्या कातडीला पट्टी लागली की बोट आपोआप आखडायचं, आणि आखडलेलं बोट म्हणजे पुन्हा खोटं माप. पहिल्या रिळात चुकलं तर तोंडं वळणार. तोंडं वळली की मालक वर येणार.

"तुले सारं ऐकू येते," तो कलाबाईला म्हणाला. हे तो विचारत नव्हता.

"हाव."

"मले येत नाही."

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "तुमी कोंबडा आरवला तरी उठत नव्हते, तेव्हापासून माहीत हाये."

त्याला राग आला. एवढे दिवस माहीत असून बोलली नाही याचा, आणि बोलली असती तर आपण तिच्यावर हात उगारला असता याचाही. तो तसलाच होता, उगाच देव करायला नको. मग त्यानं राग गिळला आणि तिला सांगितलं, की आज तू वर बसायचं.

दिवस कलला. तंबूत माणसं भरायला लागली, कालची तर सगळीच, आणि आज मजा बघायला आलेली वेगळी. भगवानराव हिशोबाच्या पेटीपाशी उभा होता. त्याला केबिनच्या शिडीवर लुगड्याचा काठ दिसला आणि तो तरातरा आला. तुळशीराम मागोमाग, तमाशा चुकू नये म्हणून.

मालक काय बोलला ते उकंडरावाला अर्धंच कळलं. पण उरलेलं कळायला कान लागत नाहीत. बाई खाली उतरव, नाहीतर तूही उतर.

उकंडराव शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. भाजलेली बोटं त्यानं छातीशी धरली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या माणसाशी वरून बोलत होता.

"मालक, काल तुमी इचारलं, तुले ऐकू येते का. नाई येत. तुमच्या इंजनापाशी बसून बसून गेले कान. आता डोळे माहे अन् कान हिचे. दोघं मिळून एक ऑपरेटर हाये. उतरवाचं असन तर दोघाईले उतरवा, अन् खेळ तुळशीरामच्या हातानं चालवा."

तुळशीराम दोन पावलं मागं सरकला.

भगवानरावानं तंबूकडं पाहिलं. आत टाळ्या सुरू झाल्या होत्या, एका ठेक्यात, बेसब्र पब्लिकच्या असतात तशा. कालच्या तिकिटावर आलेली ही माणसं आज परत गेली, तर पुन्हा या बाजारात तंबू ठोकायची सोय नव्हती. तो हिशोबी माणूस होता. मशीन बाटलं तर गंगाजल शिंपडता येतं, तंबू रिकामा झाला तर काय शिंपडणार? तो वळला आणि चालता झाला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

---

इंजन सुरू झालं. उकंडरावानं उघडी बोटं झोळात घातली. पट्टीची कडा कच्च्या कातडीत रुतली, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बोटं आखडू दिली नाहीत. पट्टी बसली. चाक लावलं.

खूण ठरली होती ती अशी. पहिल्या रिळात एका भांडणात बायको नवऱ्याच्या कानफटात मारते. मेहकरकडं ही झापड पाहायला बाया दुसऱ्यांदा तिकीट काढायच्या. कलाबाईनं त्याच्या मागं उभं राहून पाठीवर हात धरायचा आणि झापडीचा आवाज ऐकू आला की त्याच क्षणी थाप मारायची. त्यानं फक्त पडदा बघायचा.

दिवा पेटला. पडद्यावर अक्षरं आली. मग घर आलं, मग नवरा, मग बायको. उकंडराव भोकाला डोळा लावून बसला. खाली पाठी होत्या. अजून पाठीच होत्या. एक टोपी वळल्यासारखी वाटली नि त्याचा हात चाकाकडं गेला. पण तो माणूस विडी मागायला वळला होता. कलाबाईचा तळवा त्याच्या पाठीवर होता, घामेजलेला. त्याला तिच्या बोटांची थरथर कळत होती, मशीनची कळते तशी.

पडद्यावर भांडण पेटलं. नवरा ओठ वाकडे करून काहीतरी बोलला. बायकोनं पदर खोचला. हात वर गेला.

हात खाली आला, आणि त्याच पळाला उकंडरावाच्या पाठीवर धाडकन थाप बसली, इतकी जोरात, की त्याचं कपाळ पत्र्यावर आपटलं.

खाली सगळ्या पाठी एकदम हलल्या. बायांच्या बाजूचे पदर तर हेलकावे खात होते. तोंड एकाचंही वळलं नाही.

"बसली का?" त्यानं न वळता विचारलं. मग आठवलं, उत्तर ऐकू येणार नाही. म्हणून वळला. कलाबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि मान डोलावत होती. एवढी थाप कशाला, असं त्यानं विचारलं. तिनं पदर काढला, ओठ नीट दिसावेत म्हणून.

"एक तुमच्या खेळासाठी," ती म्हणाली, "अन् बाकीची इतक्या वर्साची."

रीळ संपलं, दिवे लागले. तुळशीरामानं खालून मान वर करून विचारलं, की आता टांग्यावर काय दवंडी देऊ, मशीनवाले की मशीनवाली? उकंडरावाला ते ऐकू आलं नाही. कलाबाईला आलं. तिनं वरून सांगितलं, की दवंडी नंतर दे, आधी पुढच्या रिळाचा डबा वर दे.

खामगावच्या ऑपरेटरला निरोप गेला नाही. पगार मात्र एकट्या उकंडरावाचाच राहिला. दोघं मिळून एक ऑपरेटर हे वाक्य मालकानं पगारापुरतं तेवढं चोख ध्यानात ठेवलं. पुढच्या मुक्कामाला त्यानं केबिनला पडदा लावून दिला, बाई लोकांना दिसू नये म्हणून. कापड चांगलं होतं, मऊ, सुती. कलाबाईनं आठवड्याच्या आत त्याच्या चिंध्या केल्या. अर्ध्या चिंध्या काचा पुसायला वापरल्या, आणि उकंडरावाच्या बोटांना बांधली ती अगदी पातळ पट्टी, एकाच वेढ्याची.